मागे कोण राहिलं

केछ्याओ, चीन
३ मार्च २०२६

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना चैतालीचा सप्रेम जयभीम. पारमीला दोन पापे, तिनं गाल पुसले तरी.

वि. वि. हे पत्र कुंदनच्या हाती देतेय. तोच तो, एम्ब्रॉयडरी मशीन विकणाऱ्या एजंटकडचा फिटर. तो नाहीतर त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी सारखं इथं पार्ट न्यायला येत असतं, म्हणजे आपली टपाल सोय झाली. इथं तुमचं व्हॉट्सॲप चालत नाही. फोन लागला तरी आपलं जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे, यापुढे गाडी जात नाही. म्हणून बाबांसारखं कागदावरच सगळं सांगायचं ठरवलंय. वहिनी, तुम्ही पण लिहा. दादाच्या पत्राखाली नुसता नमस्कार टाकून सुटायचं नाही.

तर मी कुठंय ते सांगते, म्हणजे गल्लीत विचारलं तर वहिनींना तिकडे चीनमध्ये म्हणून हात हलवावा लागणार नाही. पीएचडी दिल्लीची, वर्षभर बसायची जागा हांगचौच्या विद्यापीठात, आणि खरं काम इथं केछ्याओत. सुरतेच्या रिंग रोडवरची सगळी कापड मार्केटं एका रांगेत मांडा, झाडून घ्या, पानाच्या पिचकाऱ्या वजा करा, की झालं केछ्याओ. सुरतेचे व्यापारी पावलापावलाला भेटतात. परवा एकानं मला गुजरातीत कापडाचा भाव विचारला. मी भाव नाही, प्रश्न विचारते म्हटल्यावर बिचारा ओशाळला.

माझा विषय तुम्हाला दरवेळी नवीन वाटतो म्हणून परत सांगते. इथं माणसाला जन्मगावाचा एक शिक्का असतो, हुकोउ. रेशनकार्ड समजा, पण शाळा, दवाखाना, पेन्शन, सगळं त्याला बांधलेलं. आता बरंच सैल केलंय, छोट्या शहरात नाव लावून मिळतं. पण मोठ्या शहरातली बरी शाळा हवी तर आईबापांनी गुण जमवायचे, विमा किती वर्षं भरला, घर घेतलं का, असे. ज्यांचे गुण जमत नाहीत ते पोरांना गावी आजीकडे ठेवून कारखान्यात येतात. सरकारी कागदांत या पोरांना नाव आहे, मागे राहिलेली मुलं. मी त्यांच्या आयांशी बोलते. सगळ्यात जास्त बोलते लो ताईंशी. त्या क्वेइचौच्या डोंगरातल्या, इथं एम्ब्रॉयडरी मशीनवर उभ्या असतात, मुलगा गावी सासूकडे.

राजकारणाचं काढू नकोस असं मला कुणी सांगितलं नाही, पण मी काढत नाही. शाळेचं विचारलं की ते आपलं आपण येऊन बसतं. एकदा मोहल्ला समितीची बाई आली, माझे सगळे प्रश्न वाचले, दोन विचारू नकोस म्हणाली. मग खुर्ची ओढून बाकीच्यांची स्वतःचीच उत्तरं देत बसली. तिचीही मुलगी आजीकडेच वाढली होती.

काम जोरात चाललंय. माझ्या गाईड मॅडमना मी सांगून टाकलंय की हा प्रबंध माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. स्कॉलरशिपच्या निबंधात मी पहिलंच वाक्य लिहिलं होतं, मी स्वतः मागे राहिलेलं मूल आहे. मुलाखतीत सगळ्या प्रोफेसरांनी पेनं खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तेव्हाच कळलं की झालं आपलं.

एक काम आहे, दादा. सोबत माझे प्रश्न मराठीत करून पाठवलेत. आपल्या भेस्तानच्या गल्लीत विचारून बघ. सुरतेशी तुलना केली तर मॅडम खूश होतील.

लोभ आहेच, पण तिकडून उत्तर आलं की तो ताजा राहतो.

तुमची,
चैताली

०

भेस्तान, सुरत
२९ मार्च २०२६

चि. चैतीस धम्मपालचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. हे पत्र मशीनपाशी उभा राहून लिहितोय, डिझाइनच्या कागदामागे. मधेमधे तुटेल. धागा तुटला की मशीन थांबते, मशीन थांबली की मी पळतो. तुझ्या युनिव्हर्सिटीत असं नसेल.

डॉक्टरीणबाई, तुझे प्रश्न घेऊन रविवारी गल्लीत फिरलो. फजिती ऐक. हातात कागद बघितला की आपल्या लोकांना एकच कळतं, घराची योजना आली. मी किती सांगितलं की माझी बहीण चीनमध्ये शिकते, तिचं आहे. गणपत रिक्षावाला म्हणाला मग चीनचं सरकार घरं देतंय का. त्याची पोरं गावी आहेत हे अख्ख्या गल्लीला माहीत. त्यानं लिहायला लावलं की सगळी पोरं इथंच, आई इथं, भाऊ इथं, भावाची बायको इथं. खोली मोठी मिळावी म्हणून.

आलो. सातव्या हेडचा धागा.

बाबुरावांचं उलटं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एकट्या माणसाचा नंबर आधी लागतो. त्यांनी लिहून दिलं की मला कुणी नाही, मी निराधार आहे. त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभी. तिनं तांब्या तसाच परत नेला. तेव्हा तुझ्या अभ्यासाप्रमाणे आमच्या गल्लीत एकतर कुणीच राहत नाही, नाहीतर अर्धा धुळे जिल्हा राहतो. घाल मॅडमच्या पुढ्यात.

आता आपल्या घरची बातमी. शेठनी कडोदऱ्याला नवीन युनिट टाकलंय. मशिनी तुझ्या चीनच्या, बसवणार कुंदन. मला तिथं ऑपरेटर म्हणून नेतायत. आणि तुझ्या वहिनीलाही काम आहे तिथं, धागाकटिंगचं, पगारावर. म्हणजे घरी बसून साड्यांचे गठ्ठे उपसायचे, नगावर पैसे, आणि माल नाही आला तर भिंतीकडे बघायचं, ते सगळं सुटलं. दोघं एकाच गाडीनं जाणार, एकाच गाडीनं येणार. सकाळी सात ते संध्याकाळी सात. लग्नानंतर पहिल्यांदा जोडीनं कुठंतरी जाऊ, मग ते कडोदरा का असेना.

थांब. बॉबिन संपली.

हां. तर पारमीला जूनपासून गावी आत्याकडे ठेवतोय. पहिलीत झेडपीच्या शाळेत. इथं बारा तास तिला कोण बघणार? आत्या आहे, घर आहे, हवा चांगली आहे. तू पण तिथंच शिकलीस, काय वाकडं झालं? उलट चीनपर्यंत गेलीस. पारमीला विचारलं, गावी जाशील का? म्हणाली बकरी असेल तर जाईन.

तब्येत सांभाळ. साप-बिप खाऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे, शिकल्यावर पातळ होते म्हणतात.

तुझा दादा,
धम्मपाल

(वहिनीचा नमस्कार.)

०

हांगचौ
१४ एप्रिल २०२६

ती. दादास चैतालीचा जयभीम, आणि आजच्या जयंतीच्या शुभेच्छा. इथं मी एकटीनंच खोलीत फोटो लावून मेणबत्ती पेटवली. शेजारची रशियन मुलगी कुणाचा वाढदिवस म्हणून केक घेऊन आली.

वि. वि. गोड बोलणं इथं संपलं. दादा, पोरीला गावी ठेवतोय हे तू मला बॉबिन संपल्यानंतर लिहितोस? गॅसचा सिलेंडर आला, लाइट बिल भरलं, पारमीला पाठवतोय?

पाठवू नकोस. विनंती नाही, स्पष्ट सांगते.

लो ताई दर रविवारी मुलाला व्हिडिओ कॉल लावतात. पोरगा फोन घेतो आणि वर छताकडे धरून ठेवतो. म्हणजे आई बोलते आणि तिला दिसतो सासूच्या घरचा पंखा. पंखा फिरतोय की बंद आहे यावरून ती ओळखते की तिकडे उकडतंय का. गेल्या रविवारी पोरानं आपण होऊन चेहरा दाखवला. मला वाटलं आता त्या खूश होतील. त्या फोन ठेवून रडल्या, कारण त्याला मिसरूड फुटली होती आणि त्यांना ती पंख्याआडून दिसली नव्हती.

हे ऐकीव झालं म्हणशील. मग माझं ऐक. गावी गेल्यावर पहिल्याच दिवाळीत आई आली तेव्हा मी आत्याच्या मागे लपले आणि आईला मावशी म्हटलं. आई हसली. सगळेच हसले. आईनं माझ्यासाठी आणलेला फ्रॉक मला घट्ट झाला, कारण तिच्या डोळ्यापुढं मी पाठवली तेवढीच होते. तुम्ही सुरतेत तिघं होतात. मी तिकडं एकटी. आता आई नाही, तिला मी आई म्हणायला किती उशिरा लागले हे विचारायचीही सोय नाही. पारमीनं वर्षा वहिनींना मावशी म्हटलेलं चालेल तुला?

आत्यालाही मी वेगळं पत्र लिहिलंय, तू पोर आणून सोडलीस तरी ठेवून घेऊ नको म्हणून. कुंदन सुरतेतून टाकेल. काम वाईट नाही, वहिनींचा पगारही वाईट नाही. दुसरी काहीतरी वाट काढ. तू बिघडलेल्या मशिनीची वाट काढतोस, ही काढ.

रागात लिहिलंय, पण राग आपल्या माणसावरच करतात हे ध्यानात ठेवून वाच.

तुझी,
चैती

०

भेस्तान, सुरत
२६ एप्रिल २०२६

चि. चैतीस आशीर्वाद व जयभीम.

वि. वि. हे पत्र घरी बसून, जेवून, शांत डोक्यानं लिहितोय. मधे तुटणार नाही.

तू लिहिलंस की आम्ही सुरतेत तिघं होतो आणि तू एकटी. बराबर. आता त्या तिघांमधलं माझं सांगतो, ते तू कधी विचारलं नाहीस. बाबांजवळ राहिलो म्हणजे काय, बाबांच्या कापड विणायच्या संच्याजवळ राहिलो. शाळा सुटली की दप्तर तिथंच खुंटीला, आणि मी बॉबिन भरायला. संच्याच्या आवाजात बाबा काय बोलायचे ते मला ओठांवरून कळायचं, कानांनी नाही. शाळेत बाई हळू बोलायच्या ते मला ऐकूच यायचं नाही. नववीला सोडली. कुणी काढलं नाही, कुणी रागावलं नाही, खुंटीवरचं दप्तर घरी आणायचं राहिलं एवढंच.

तू तिकडं आत्याच्या दिव्याखाली पाढे म्हणत होतीस. सुट्टीत यायचीस तेव्हा मराठीत धडाधड वाचायचीस आणि मी गुजराती पाट्या जुळवत बसायचो. बाबा तुला खांद्यावर घेऊन अख्ख्या लाइनीत फिरवायचे, माझी पोरगी बघा म्हणून. मी खाली चालायचो.

म्हणून विचारतो, चैती. ज्याला जवळ ठेवला तो मशीनपाशी उभा आहे, आणि जिला गावी ठेवली ती चीनमध्ये बसून मला शिकवतेय. मागे कोण राहिलं? तुझ्या चिनी सरकारकडं माझ्यासाठी काही नाव आहे का? असलं तर कळव.

ही तक्रार नाही. माझं काम मला येतं, शेठ मला विचारल्याशिवाय मशीन घेत नाही. पण पोरीचं चांगलं कशात आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी दोन्ही पोरं बघितलीत. एक तू, एक मी. मला पारमी तुझ्यासारखी हवीय.

तुझी वहिनी यात काही बोलत नाही. फक्त भांडी जरा जोरात ठेवते.

कुंदनबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, तिखट आहे. राग असला तरी खा. माया तोडून कुठं जाणार, चीनच्या पुढं समुद्रच आहे.

दादा

०

मु. पो. दोंडाईचाजवळ, आपलं गाव
८ मे २०२६

चि. चैती आणि चि. धम्मा, दोन्ही भावंडांसले आनंदीआत्याचा आशीर्वाद. सौ. वर्षाला आणि पारमीला जयभीम.

वि. वि. कशी शेस पोरी? कसा शेस भाऊ? मी बरी शे. हे एकच पत्र दोघांना लिहिते. धम्मा, तू वाच, मोठ्यानं वाच, मग त्या कुंदनच्या हाती चीनला लावून दे.

तुमची दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमन म्हणे, आनंदीबाई, कोर्टाचं काही लागलं का? मी म्हटलं, लागलं, भाऊबहिणीचं. एक म्हणते पोर ठेवून घेऊ नको. एक म्हणतो तेरा जूनला आणतो, चूल तयार ठेव. माझ्या घराविषयी भांडताय आणि आत्या, तुला जमेल का, हे दोघांपैकी एकानंही नाही लिहिलं. मी काय फळी शे का भिंतीवरची, डबा ठेवला, डबा काढला?

आता चैती, तुझं. तू मागे राहिलेली पोर आहेस असं तू लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं. तुला कुणी सांगितलं हे? माझा मालक गेला तेव्हा सासरच्यांनी मला माहेरची वाट दाखवली. माहेरी घर होतं, माणूस नव्हतं. तुझे आजोबा-आजी आधीच गेलेले, तुमचा बाप, माझा श्रीपतदादा, सुरतेला. मी त्या घरात पडून राहिले. चूल पेटवायची नाही, केस विंचरायचे नाहीत. शेजारीण भाकर ठेवायची, ती कुत्रं खायचं. श्रीपतदादा मालकाच्या पुण्यानुमोदनाला आला, दोन दिवस बघितलं त्यानं. परत गेला आणि तुला घेऊन आला. माझ्या दारात उभं केलं आणि म्हणाला, आनंदी, पोरगी सुरतेत जेवतच नाही, हिला जरा बघ.

साफ खोटं. तू चांगली दणकून जेवणारी. त्याच संध्याकाळी भूक लागली म्हणून तू अंगणात लोळण घेतलीस. मला उठावं लागलं. पीठ नव्हतं, उसनं आणावं लागलं, त्यासाठी घराबाहेर पडावं लागलं, बाहेर पडायचं म्हणून केस बांधावे लागले. असं करत करत मी जगले.

तुला मागे नव्हतं ठेवलं, पोरी. तुला माझ्याकडे धाडलं होतं, कामाला. पाच वर्षांची होतीस आणि कामाला लागलीस. तुझ्या शाळेचं त्या वेळी कुणाच्या मनातही नव्हतं. ते मागून झालं.

तुझ्या आईनं मात्र सोसलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती बोलली नाही, आणि श्रीपतदादानं धरलं की हो आहे.

धम्मा, आता तुझं. चैती मला हवी होती म्हणून ती वाढली. पारमी गोड आहे, पण मला आता पोर नकोय. राग येऊ दे. मी बचतगटाची अध्यक्ष शे, आमचं मिरची कांडपाचं मशीन आहे, सकाळी सातला मी तिथं असते. संध्याकाळी येते तेव्हा खोकत येते. तुझ्यासारखीच मी पण पाळीवर आहे. पोरीला मग शेजारी ठेवू का? शेजारी तर भेस्तानलाही आहेत. शाळेत आता पोरंच उरली नाहीत, सगळे आईबापाबरोबर सुरतेला गेले. सुट्टीत पाठव, आंबे खाईल. शाळेला नको.

आणि हे दोघं मिळून कोण ठरवताय? पोर वर्षाची आहे. ती भांडी जोरात ठेवते असं तू मला पण लिहिलंस. मग ऐक ना, कान काय फक्त संच्यानंच नेले का?

रागावले असेन तर तेवढं पाण्यात सोडा, बाकीचं धरून ठेवा.

आत्या

०

केछ्याओ
२४ मे २०२६

ती. आत्यास चैतीचा साष्टांग जयभीम. (असं नसतं हे माहीत आहे. आज असू दे.)

वि. वि. तुझं पत्र मेट्रोत वाचलं. माझं स्टेशन गेलं, पुढचं गेलं, शेवटच्या स्टेशनावर सफाईवाल्या बाईनं उठवलं. परत येताना परत वाचलं.

म्हणजे माझ्या निबंधातलं पहिलं वाक्यच खोटं. स्कॉलरशिप परत मागायला कुणी येणार नाही, आणि आलं तर मी सांगेन की आता माझ्याकडे त्याहून भारी वाक्य आहे. पण आत्या, मला हसू येतंय आणि रडू पण. इतकी वर्षं मी स्वतःला एका खान्यात बसवलं होतं, आणि मी तर भलत्याच कामावर होते. पगार राहिलाय माझा.

आईचं जे लिहिलंस ते मात्र गिळता येत नाही. तुझं जगणं खरं आणि तिचं सोसणंही खरं. दोन्ही ठेवते.

तुझ्या फळीनं माझा प्रबंध पाडला, ते सांगते. मी प्रश्न विचारले आयांना, शिक्षकांना, पोरांना, मोहल्ला समितीच्या बाईला. पोर सांभाळणाऱ्या एकाही आजीला मी विचारलं नाही की तुम्हाला हे हवं होतं का. मीच नाही, मी वाचलेल्या ढीगभर लेखांतही कुणी धड विचारलेलं नाही. आजी म्हणजे घराचा भाग, दार असतं तशी. दादानं तुला गृहीत धरलं तसंच मीही आज्यांना धरलं, आणि मी तर अभ्यासक.

मग सरळ लो ताईंकडे गेले आणि म्हटलं, तुमच्या सासूबाईंना फोन लावून द्या. फोन लागला, नेहमीप्रमाणे पंखा दिसला. म्हातारीला विचारलं, नातू सांभाळायचा हे तुम्हाला मनापासून हवं होतं का. ती इतका वेळ हसली की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, हे मला विचारतं कोण. आणि मग गंभीर होऊन म्हणाली की मी हो म्हटलं, कारण नातू इथं असला की मुलगा-सून नवीन वर्षाला गावी येतातच. पोरगं त्यांच्याकडं गेलं तर माझ्याकडं कोण येणार? पोरगं हा माझा दोर आहे.

लो ताई शेजारीच उभ्या होत्या. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांची मशीन थांबली, दिवा लागला, आणि त्या तिच्याकडे गेल्याच नाहीत. हे त्यांच्याबाबतीत मी कधी बघितलं नव्हतं.

मॅडमना फोन करून सांगितलं की आता आज्यांपासून सुरू करणार. मॅडम म्हणाल्या एक वर्ष वाढेल. मी म्हटलं वाढू दे. त्या म्हणाल्या, मलाही आजीनंच वाढवलं. मग त्यांनी दुसरंच काहीतरी बोलायला घेतलं. बघ, कुणालाही हात लाव, आतून आजी निघते.

पारमीला गावी पाठवू नये यावर तू आणि मी एकच आहोत, कारणं वेगळी असली तरी. दादानं विचारलं होतं, त्याच्यासाठी काही नाव आहे का. त्याच्यासाठी कुणीच नाव केलेलं नाही. मी करणार, आणि त्याला विचारून करणार.

आणि वहिनी, हे पत्र तुमच्या हातून गावी जाणार म्हणून यातच लिहिते. मी एवढं लिहिलं, ओरडले, पण तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तुमचं काय म्हणणं आहे?

आत्या, तुझा तो खोकला दाखव. मिरची कांडताना तोंडाला बांधत जा. तू मला जगवलंस हे मला माहीत होतं. उलटंही होतं हे आज कळलं, तेव्हा आता दोन्हीकडून सांभाळू.

तुझी कामवाली,
चैती

०

भेस्तान, सुरत
२१ जून २०२६

चि. चैतालीताई यांना वर्षाचा जयभीम.

वि. वि. तुम्ही विचारलंत माझं म्हणणं काय. कुणी विचारेल याची तयारी नव्हती, म्हणून लिहायला उशीर झाला.

मला दोन्ही हवं होतं. काम पण आणि पोर पण. एवढंच म्हणणं होतं. पण एवढंच असलं की बाई बोलत नाही, कारण समोरचा लगेच म्हणतो, दोन्ही कसं जमेल ते सांग. आणि ते मला सांगता येत नव्हतं.

आत्यांचं पत्र यांनी मोठ्यानं वाचलं, आत्यांनी सांगितलं होतं म्हणून. कानांच्या ओळीवर आले आणि थांबले. मग मला म्हणाले, बोल. मी नुसतं म्हटलं, पोर जाणार नाही. का, कसं, काही नाही. ते म्हणाले बरं. पण मग कडोदऱ्याचं माझं काम जाणार हे दोघांनाही दिसत होतं.

वाट मे महिन्यात निघाली. तुम्हाला माहीत आहे, लग्नं लागली की अर्धी सुरत गावी जाते आणि परत यायचं नाव घेत नाही. शेठकडे नव्या मशिनी उभ्या, कुंदनभाई बसवून तयार, आणि ऑपरेटर सगळे गावी वरातीत. शेठ कुंदनभाईंना घेऊन आमच्या दारात आले, यांना म्हणाले, धम्मपाल, माणूस आण कुठून तरी. मी चहा देत होते. मी म्हटलं, शेठ, मी उभी राहते, मी कुठल्या लग्नाला जात नाही. शेठ हसले. हे हसले नाहीत, यांचा चेहरा पडला. बाई धागा कापते, मशीन पुरुष चालवतो, असंच इकडे आहे. मी म्हटलं चीनमध्ये बाया चालवतात, आमच्या ताईंनी बघितलंय. शेठनी कुंदनभाईंकडे बघितलं. कुंदनभाई म्हणाले, हो, मशीनला काय कळतं कोण उभं आहे.

शिकवलं कुंदनभाईंनीच. पहिल्या आठवड्यात कापडाचं एक अख्खं थान माझ्या हातून खराब झालं, तरी शेठनी काढलं नाही, माझ्या जागी उभं करायला दुसरं माणूसच नव्हतं. यांनी घरात आठ दिवस भांडी जोरात ठेवली. मग एक दिवस माझं काम बघायला मागे येऊन उभे राहिले आणि जाताना म्हणाले, बरा हात आहे.

आता शेठची अट, बाई रात्रीला नको. म्हणून मी कायम दिवसाला आणि हे कायम रात्रीला. एकच मशीन. सकाळी मी पोचले की हे उतरतात, संध्याकाळी हे आले की मी. मधला जाण्यायेण्याचा वेळ पारमी बाबुरावांच्या बायकोकडे. त्यांना म्हटलं, तुम्ही निराधार माणसाच्या बायको, तुम्हाला वेळच वेळ. खूप हसल्या. पारमीची शाळा दुपारची, इथलीच, मराठी. हे तिला तयार करून सोडतात आणि ती सुटेपर्यंत झोपतात.

जोडीनं कडोदऱ्याला जाऊ असं हे तुम्हाला लिहून बसले होते. ते राहिलं. आम्ही आता भेटतो ते मशीनपाशीच, आणि बोलतो ते तिच्याविषयी, कुठला धागा कच्चा आहे, कुठली सुई बदलली. सुट्टीला तिघं एकत्र असतो तर पहिला तासभर काय बोलावं सुचत नाही, पाहुण्यासारखं होतं. हे सोपं आहे असं मी तुम्हाला लिहिणार नाही. कायमचं नाही, असंही लिहिणार नाही, सुरतेत सगळे तसंच म्हणतात आणि तीस वर्षं राहतात. पण ठरवलं आम्ही. दोघांनी, एकमेकांना विचारून.

तुम्ही यांच्यासाठी नाव काढणार म्हणालात. मी यांना वाचून दाखवलं. म्हणाले, नाव राहू दे, चैतीला सांग बहीण म्हणून परत ये. मग अंघोळीला गेले आणि बराच वेळ पाणी सोडून ठेवलं होतं.

पारमी गावी जाणार नाही म्हटल्यावर बकरीसाठी रडली. दोन दिवस. मग शाळा सुरू झाली. पोरीचे केस आता हे विंचरतात. हेडवर बारीक धागा एका फुंकरीत ओवणारा माणूस, पण वेणी यांच्या हाताला येत नाही. एका कानावर सुरू होते आणि दुसऱ्या खांद्यावर संपते. शाळेतल्या बाईंनी विचारलं म्हणे, ही वेणी कुणी घातली. पारमीनं सांगितलं, पप्पांनी. बाई म्हणाल्या, उद्या आईला घालायला सांग. तर पारमीनं बाईंना ऐकवलं की आई मशीनवर असते, पप्पाच घालतात, आणि मला हीच आवडते.

आज संध्याकाळी आल्यावर मी सोडून नीट घालायला बसले, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. सोडू दिली नाही. वेणी वाकडीच राहिली आहे, आणि पोर माझ्यापाशी आहे.

आम्हाला विसरू नका असं लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणजे विसरला नाहीत. असंच विचारत जा.

तुमची,
वर्षा